मोजून झालं, बाई

आमच्या सरांना लोकांच्या पाठी बघायची खोड होती. एसटीत ते सगळ्यात मागच्या बाकावर बसत. धक्के खात, डोकं टपाला आपटून घेत, पण बसत तिथेच. लग्नात पंगत बसली की हे जेवणाऱ्यांच्या मागे उभे. "साहेब, तुमीबी बसा न," म्हणून म्हणून वाढपी थकायचे.

ग्रामीण रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्या आठवड्यात हे म्हातारे डॉक्टर मला काही बरे वाटले नाहीत. मी मायक्रोस्कोपवर वाकलेली असले की मागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. एक दिवस मी चिडून वळणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "हालू नका. बोलू नका." मी जागच्या जागी गारठले. जरा वेळानं ते म्हणाले, "अठरा. चांगली हाये तुमची तब्येत. करा काम."

ते माझे श्वास मोजत होते.

"हे समोर येऊन नाही मोजता येत?" मी विचारलं. माझा राग उतरला नव्हता.

"समोर गेलं का मानूस सावध होते. पोट आत घेते, छाती काढते. पाठीले तसं जमत नाई, बाई. पाठ खोटं बोलत नाई."

त्या दिवशी घरी गेले तर मला धड श्वासच घेता येईना. आत गेला की एक, बाहेर आला की सोडून द्यायचा, पुन्हा आत गेला की दोन. भाकरी थापताना, केस विंचरताना, आपला श्वास जरा जास्तच भरभर चालला आहे अशी शंका यायची. पुढे कळलं की सरांच्या हाताखाली काम करणाऱ्या प्रत्येकाला ही बाधा होते. आमच्या शिपायानं तर त्यांच्यासमोर जिना चढणंच सोडलं होतं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना सरांच्या गळ्यात एक काम पडलं. छातीत जंतू होऊन जो न्यूमोनिया होतो, तो तालुक्यात किती जणांना झाला हे दवाखान्याच्या रजिस्टरात होतं. किती जणांना होतो आणि कोणाला कळतच नाही, ते शोधायचं होतं. दुसरा कोणी असता तर टेबलाशी बसून अंदाजे आकडा टाकून मोकळा झाला असता. सरांनी ते मनावर घेतलं. ब्रह्मपुरीकडच्या मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरात जन्मलेला हा माणूस, विचार करायचा तोही मासोळीच्या अंगानं.

"तलावात मासोळ्या किती, कसं सांगान?" त्यांनी मला विचारलं.

"तलाव उपसून."

"उपसाले तलाव तुमच्या बापाचा हाये का?" ते हसले. "जाळं टाका. वीस निंगाल्या. त्याईच्या शेपटीले लाल दोरा बांधा न सोडून द्या. आठ दिवसांनं पुन्हा जाळं टाका. पुन्हा वीस निंगाल्या, पन दोऱ्यावाल्या त्याच्यात दोनच. म्हंजे?"

"म्हणजे तलावात पुष्कळ मासे आहेत."

"दोनशेक. न सापडलेल्या मासोळ्या सापडलेल्याच सांगतेत. फक्त दोनदा जाळं टाकाले आळस नाई पाह्यजे."

पहिलं जाळं म्हणजे दवाखान्याचं रजिस्टर. दुसरं म्हणजे आम्ही घरोघर हिंडून शोधलेले आजारी आणि मेलेले. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की दोन्हीकडे सापडणारी नावं फार थोडी निघायची आणि सरांचा चेहरा उतरायचा. त्यांच्या फायलीत तिसरा एक कागद होता, कोरा. वर त्यांच्या किरट्या अक्षरात एवढंच लिहिलेलं: 'जे कोनालेच दिसले नाई'. मला त्या कागदाची भीती वाटायची. कोऱ्या कागदावर माणसं आहेत हे एकदा डोक्यात बसलं की तो उलटताना हात थबकतो.

मनगटी घड्याळाचा काटा त्यांना दिसत नसे. म्हणून ते कापडी थैलीत गजराचं मोठं घड्याळ घेऊन हिंडत. त्याची टिकटिक पार रस्त्यापलीकडे ऐकू यायची. एकदा जिल्ह्याच्या आढावा बैठकीत मोठे साहेब बोलायला उभे राहिले आणि खोलीत टिकटिक सुरू झाली. साहेब दोन वाक्यं बोलले असतील नसतील, सर मागच्या रांगेतून म्हणाले, "साहेब, तुमी सव्वीस घेऊन राह्यले. बसा, पानी प्या." साहेब तीन मजले चढून आले होते, लिफ्ट बंद होती. हे कळल्यावर सर खाली बसले खरे, पण चहाच्या वेळी त्यांनी साहेबांना पुन्हा मागून मोजलंच. साहेबांनी पुढच्या बैठकीला भिंतीला खुर्ची लावून घेतली.

वरून छापून आलेल्या फॉर्मवर एक प्रश्न होता: 'मृत्यूपूर्वी रुग्णास धाप लागत होती काय?' आम्ही तो गावोगाव विचारत हिंडलो आणि जिकडेतिकडे एकच उत्तर मिळालं. नाई. एका गावात मयताची आई बसली होती, भिंतीला टेकून. ती म्हणाली, "धाप काऊन लागन बाप्पा? खाटेवरून उठला नाई तो. लहाक होती त्याले." सरांनी फॉर्म खाली ठेवला. मोहाची टोपली घेऊन चढ चढलं की लागते ती धाप. भर उन्हात कुत्रं जीभ काढून पडतं, तसं पडल्या पडल्या जे होतं ती लहाक. हा फरक आम्ही कोणी विचारातच घेतला नव्हता. मी याच भागातली, मला तरी कळायला हवा होता. सरांनी आम्हाला सगळ्या घरी पुन्हा नेलं. पहिल्या वेळी जिथं 'नाही' लिहिलं होतं तिथं एकामागून एक 'होय' पडत गेलं.

"वाघानं नेला तं पेपरात फोटो येते," परत येऊन जीपमधून उतरताना सर म्हणाले, "खोकल्यानं नेला तं आशावर्करच्या वहीतबी येत नाई."

त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. त्यांची भीती वाटायची ती वेगळ्याच कारणानं, आणि ते सांगायला मला आजही लाज वाटते.

गावागावांत एक बोलणं सुरू झालं होतं. डॉक्टर ज्याले मोजते, तो जाते. आता खरी गोष्ट सरळ होती. सरांना निरोप जायचा तो माणूस हातचा जायला लागला की. जडीबुटी झालेली, गावच्या सुईवाल्या डॉक्टरची सुई झालेली, मग शेवटी आशावर्कर मैनाबाई सरांना फोन करायची. सर जायचे, घड्याळ काढायचे, मोजायचे. कित्येकांना जीपमध्ये घालून आणलं आणि ते जगलेही. पण जगलेल्याची गोष्ट चार दिवस चालते आणि मेलेल्याची चार वर्षं. टिकटिक ऐकू आली की बायका लेकरांना आत घ्यायच्या.

"तुम्हाला वाईट नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"पाऊस येते म्हून बेंडकं वरडतेत. बेंडकाईनं पाऊस नाई येत," सर म्हणाले. पण बोलून झाल्यावर त्यांनी थैलीत हात घालून घड्याळ उगाच चाचपलं.

मी बौद्ध घरातली. माझे बाबा माजरीच्या कोळसा खाणीत जन्मभर राबले आणि मला विज्ञान शिकवलं. "गंडेदोरे आपल्या घरानं छप्पन सालीच नदीत सोडले," हे ते पाहुण्यांनाही ऐकवत. अशा बापाची लेक असून सर मागे उभे राहिले की मी श्वास रोखून धरायची. अठरा म्हणाले होते ते एकदाच. पुढच्या वेळी काय म्हणतील?

सरांचं आणि माझं एकाच शब्दावरून वाजायचं. या कामासाठी आमच्या लॅबला जंतू वाढवायची पेटी मिळाली होती. आजाऱ्याची थुंकी काचेच्या बशीत पसरायची, पेटीत उबेला ठेवायची, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जंतू वाढला का ते बघायचं. वाढला नाही की मी रिपोर्टवर लिहायची 'निल'. नातेवाईक तो कागद कपाळाला लावत बाहेर जायचे. रिपोट निल आला, म्हणजे सुटलो.

"निल लिहू नका," सर म्हणायचे.

"मग काय लिहू? नाही सापडला तर नाही सापडला."

"सापडला नाई म्हंजे नाई असं नाई न. थुंकी द्याच्या आंधी त्यानं दोन गोळ्या खाल्ल्या असतीन तं जंतू बशीत कुठून वाढन? अर्धे मेले, अर्धे छातीत लपून बसले. तुमी निल म्हनता न तो घरी जाऊन मरते."

मी मान हलवायची आणि निलच लिहायची. रोज तीस बशा बघणाऱ्या माणसाला एवढा कीस काढायला वेळ नसतो. शिवाय मला वाटायचं, हे मला शिकवायला नको, माहीत आहे मला.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले होते. खोकला त्यांच्याबरोबर आला. "खदानीतला खोकला हाये, माय. तो माह्यासंगच जाईन," ते म्हणायचे. सरांना त्यांनी एकदाच पाहिलं होतं. "हा तुहा डॉक्टर मानसाले बकऱ्यावानी पाहाते," म्हणून हसले होते.

धानाची कापणी उरकत आली होती, थंडी पडली होती. एका सोमवारी बाबांना ताप भरला. माझ्या कपाटात जंतूवरच्या गोळ्या होत्या, कधीतरी माझ्या घशासाठी आणलेल्यातल्या उरलेल्या पाच. दवाखान्यात काम करणाऱ्याच्या घरात असतातच. मी दिल्या. ताप उतरला. बुधवारी गोळ्या संपल्या, ताप पुन्हा चढला आणि खोकल्याचा आवाज बदलला. मी त्यांची थुंकी डबीत घेतली, लॅबमध्ये नेली, स्वतःच्या हातानं बशीत पसरली. शुक्रवारी बशी उघडली. काही नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

"बाबा, रिपोर्ट निल आला," मी घरी येऊन सांगितलं. त्यांनी मला जवळ घेतलं आणि दोन घास भात जास्त खाल्ला.

रोज तीस बशा बघणारी मी. गोळ्या मीच दिलेल्या, थुंकी मीच घेतलेली, आणि त्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत. बापाच्या बाबतीत मी नातेवाईक झाले होते, कागद कपाळाला लावणारी.

शनिवारी ते पाणी मागताना मध्येच थांबले. "माय, जरा… पानी…" आणि पुढचं हातानं सांगितलं. मला कळलं. कळलं नाही असं मी कोणाला सांगणार नाही. दुसऱ्याच्या घरी मी हेच विचारत हिंडले होते की शेवटी बोलणं पुरं होत होतं का तुटत होतं. सर दोन गल्ल्या सोडून राहायचे. चालत गेलं तर पाच मिनिटं. मी गेले नाही. सर येतील, घड्याळ काढतील, मोजतील, आणि मग… पुढचं मी मनातही पुरं करत नव्हते. रिपोर्ट निल आहे, रिपोर्ट निल आहे, असं म्हणत मी रविवार काढला. बाबांकडे पाठ करून झोपले, श्वास ऐकू येऊ नये म्हणून डोक्यावरून चादर घेतली.

सोमवारी सकाळी बाबांची खाट अंगणात उन्हाला टाकली होती. ते रस्त्याकडे पाठ करून बसले होते. मी आतून चहा घेऊन आले तर टिकटिक ऐकू आली. बांबूच्या कुंपणापलीकडे सर उभे होते. दवाखान्यात जाता जाता थांबले असावेत. एका हातात घड्याळ, ओठ हलत होते.

माझ्या हातातला कप खाली पडला. मी धावत कुंपणाशी गेले आणि हात जोडले. "सर, मोजू नका. माझ्या बाबांना मोजू नका."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला विसरता येत नाही.

"मोजून झालं, बाई," ते हळूच म्हणाले. "छत्तीस. गाडी बोलवा."

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, सुई सुरू केली. सरांनी फॉर्म भरायला घेतला. "थुंकी तपासली का?"

"हो. निल."

"त्याच्या आंधी गोळी-बिळी काही?"

सगळा स्टाफ आजूबाजूला होता. "नाही," मी म्हटलं.

सरांनी 'नाही' लिहिलं. सुई तर सुरू होतीच, माझ्या उत्तरानं उपचारात फरक पडणार नव्हता. मी स्वतःला हेच सांगितलं. बाबांना चंद्रपूरला हलवलं, आणि तिसऱ्या दिवशी ते गेले.

माजरीहून मोठी आत्या आली. सगळे बसलेले असताना तिनं विचारलं, "त्या डॉक्टरनं मोजला होता न माह्या भावाले?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. बोलायला मला दोन वाक्यं लागली असती. मोजलं म्हणून नाही गेले, मी दोन दिवस घरात ठेवलं म्हणून गेले. मी मान खाली घातली. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि बोलणं तिथून पुढे निघालं. आणि खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं. कोणाच्या तरी नावावर गेलं, माझ्या नाही.

पुढच्या आठवडी बाजारात ती गोष्ट आमच्याआधी पोचली. लॅबवाल्या बाईच्या बापालेबी मोजला, तोबी गेला. पूर्वी बायका लेकरांना आत घ्यायच्या, आता दारंच लावून घ्यायला लागल्या. मैनाबाईचे फोन बंद झाले. "कोनी बिमारच नाई साहेब," ती म्हणायची आणि नजर चुकवायची. आमची दुसरी यादी तिथंच थांबली. सरांनी घड्याळ आधी टॉवेलात गुंडाळलं, मग ते जीपमध्येच ठेवायला लागले. एसटीत पुढच्या बाकावर बसलेलं मी त्यांना एकदा पाहिलं आणि मला धडकी भरली. मी पाहिलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. तरीही मी बोलले नाही. आज सांगू, उद्या सांगू करत महिना गेला.

महिन्यानं आम्ही जंगलातल्या एका लहान गावात गेलो. दहा-बारा घरं, सगळ्यांच्या दाराच्या ताट्या ओढलेल्या. शेवटच्या घरापाशी सर थबकले. बांबूच्या तट्ट्याची भिंत होती, मातीनं लिंपलेली, लिंपण जागोजागी पडलेलं. आतून आवाज येत होता. बारीक, घाईचा, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा. लहान लेकराची लहाक. मी सरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलायला लागले होते आणि त्यांनी ते दातांखाली दाबून धरले. मोजणारा माणूस स्वतःला मोजू देत नव्हता.

मी ताटी वाजवली. एक बाई बाहेर आली आणि दारात आडवी उभी राहिली.

"हिल्ले," नाही, ती गोंडीत म्हणाली. मग मराठीत, "घरी कोनी बिमार नाई."

"आवाज येऊन राह्यला न बाई आतून."

"नाई." तिनं सरांकडे बोट दाखवलं. "त्याले पयले दूर ने." आणि मग माझ्याकडे बघून, "तू लॅबवाली न? तुह्या बापाले मोजलं न त्यानं? सांग. मोजलं का नाई?"

आत ते लेकरू श्वासामागून श्वास घेत होतं. सर माझ्यापासून तीन हातांवर उभे होते, मान खाली घालून, मार खायला उभं राहावं तसे. मला इतकी भीती बाबा गेले तेव्हाही वाटली नव्हती. हो म्हटलं असतं तर ताटी लागणार होती. नुसतं नाही म्हटलं असतं तर तिला ते खोटं वाटलं असतं, आणि होतंही ते खोटंच.

"मोजलं," मी म्हटलं. "पन मोजल्यानं नाई गेला माहा बाप. माह्यानं गेला. मी घरच्या गोळ्या देल्ल्या, कोनाले नाई सांगतलं. मीच तपासलं, मीच म्हटलं काही नाई. लहाक लागली होती त्याले, मले दिसून राह्यली होती. तरी दोन दिवस घरात ठेवला. याच साहेबाच्या भेवानं ठेवला, बाई, जसं तू ठेवून राह्यली तसंच. साहेब एक दिवस आंधी आले असते तं माहा बाप आज असता."

त्या बाईनं वळून आत लेकराकडे पाहिलं. मग तिनं ताटी ढकलली, आणि सरांकडे न बघता म्हणाली, "तो बाहेर राहू दे. तू मोज."

आत अंधार होता. तीनेक वर्षांची पोरगी, आजीच्या मांडीवर पालथी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मोबाइलवर मिनिट लावलं. आकडा चाळीसच्या पुढे गेला, त्या वयाला चाळीस म्हणजे हद्द. ओठ हलवून मोजत होते आणि प्रत्येक आकड्याला वाटत होतं, मी हिला मारते आहे. चौपन्नला मिनिट संपलं.

पोरगी जीपमध्ये आली, आई आली, आजी आली. त्यांच्यात आणि सरांच्यात मला मध्ये बसवलं. पोरीला पहिल्या सुया दवाखान्यात लागल्या, पाचव्या दिवशी ती उठून बसली आणि माझ्या टेबलावरचं पेन घेऊन पळाली. ते नंतरचं.

त्या दिवशी दुपारी सर लॅबमध्ये आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. हातात बाबांचा फॉर्म होता. मी उभी राहिले.

"गोळ्या किती देल्ल्या होत्या?"

"पाच."

"कोनती गोळी?"

मी नाव सांगितलं. त्यांनी 'नाही' वर एक रेघ मारली, वर 'होय' लिहिलं, गोळीचं नाव लिहिलं आणि फॉर्म सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. सही झाल्यावर माझा बांध फुटला आणि मी त्यांची माफी मागायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. पहिल्यांदाच ते माझ्यासमोर, समोरासमोर, खुर्चीवर बसले. ते किती थकले आहेत हे मला तेव्हा दिसलं.

"तुमच्या बाबानंतर चौथ्या दिवशी माह्या पोरीले पोरगी झाली," ते म्हणाले. "आमच्याच घरी हाये. महिना होऊन राह्यला. मी अजून तिले पाहिलं नाई, बाई."

"का, सर?"

"पाहिलं तं मोजीन न मी. खोड हाये. न माह्या मोजल्यानं तिले काही झालं तं?" त्यांनी डोळे पुसले. "लोकं म्हनत होते तवा हासत होतो. तुमी कुंपनापाशी हात जोडले न, त्या दिवसापासून मलेच खरं वाटाले लागलं. बायको पाळना इकडे आनते, मी उठून दुसऱ्या खोलीत जातो."

दोन वाजले होते, बाहेर रांग होती. सर उठले. एवढ्या वर्षांत ते वेळेआधी घरी गेलेले मी पाहिले नव्हते. दारात थांबून त्यांनी मला विचारलं, लहान मुलानं मोठ्या माणसाला विचारावं तसं.

"तुमच्या गोळ्यानं झालं न ते? नक्की? मोजल्यानं नाई?"

"नाही सर. मोजल्यानं नाही."

"मंग जातो," ते म्हणाले. "नातीले पाहून येतो."